शरीराच्या प्रतिकारशक्तीला साथ देणारी नवी प्रतिजैविकं कशी शोधायची? खान्देशातल्या विद्यार्थी-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा फार्मसी शिकणाऱ्यांना आणि त्यांच्याकडून प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांना हे प्रश्न दरवर्षी पडतात. प्रयोगशाळा साधी आहे असं धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रतिकारशक्तीला साथ देणारं प्रतिजैविक म्हणजे इम्युनिटी बूस्टरच ना?

नाही. बूस्टर हा जाहिरातीतला शब्द आहे, तो मोजता येत नाही. आपला प्रश्न नेमका आहे: या संयुगामुळे जिवाणू शरीराच्या हत्यारांपुढे उघडा पडतो का, किंवा शरीराला त्याचा सुगावा लवकर लागतो का?

याची उदाहरणं माहीत असली की काय शोधायचं ते कळतं. पॉलिमिक्सिन बी या औषधाची शेपटी काढली की नोनापेप्टाइड उरतं. ते एकटं जिवाणू मारत नाही म्हटलं तरी चालेल, पण ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे भिंतीबाहेर आणखी एक आवरण असलेल्या, जिवाणूचं ते बाहेरचं आवरण सैल करतं. मग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं आत शिरून उरलेलं काम करतात. हे १९८३ पासून माहीत आहे. दुसरं उदाहरण स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं. त्याचा सोनेरी रंग म्हणजे स्टॅफिलोझँथिन, आणि हा रंगच त्याला न्यूट्रोफिल या जिवाणू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पेरॉक्साइडपासून वाचवतो. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी बनवलेलं एक संयुग हा रंग बनवणारं एन्झाइमही अडवतं, असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. जिवाणू पांढरा पडला आणि पांढऱ्या पेशींना सहज मारता आला. तिसरी वाट शरीराच्या बाजूची. आयडीआर-१ नावाचं छोटं पेप्टाइड जिवाणूला हातही लावत नाही, तरी २००७ च्या प्रयोगांत संसर्ग झालेले उंदीर त्याने वाचले, कारण ते पांढऱ्या पेशींना योग्य जागी बोलावतं. चौथी वाट पुढच्या उत्तरात.

एकाच औषधाने जिवाणूही मरतो आणि प्रतिकारशक्तीही जागी होते, हे कसं शक्य आहे?

आयएसपीएच हे एन्झाइम बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंत, क्षयरोगाच्या जिवाणूत आणि मलेरियाच्या परजीवीतही असतं. माणसात नसतं. ते ज्या एमईपी मार्गातलं आहे, त्या मार्गाने जिवाणू आयसोप्रिनॉइड बनवतो. त्यांच्याशिवाय त्याला भिंतही बांधता येत नाही आणि ऊर्जाही नीट मिळवता येत नाही. एन्झाइम अडवलं की जिवाणूची उपासमार होते, आणि अडवल्या जागी एचएमबीपीपी नावाचा कच्चा माल साचतो. माणसाच्या रक्तातल्या व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ टी पेशींसाठी हा माल म्हणजे धोक्याची घंटा. त्या जाग्या होतात आणि संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये फारोख दोतिवाला यांच्या गटाने लाखो उपलब्ध संयुगं संगणकावर चाळून असे रोधक निवडले, ते पेशीत शिरावेत म्हणून त्यांचं प्रोड्रग, म्हणजे आत गेल्यावर औषधात बदलणारं, रूप तयार केलं आणि २०२० च्या शेवटी काम प्रसिद्ध केलं.

यातल्या दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. स्टॅफिलोकॉकसकडे एमईपी मार्ग नाही, तो मेव्हॅलोनेट मार्ग वापरतो, त्यामुळे त्याच्यावर हे रोधक तपासणं म्हणजे वेळ वाया. आणि या टी पेशी उंदरात नसतात. साध्या उंदरावर औषधाचा अर्धाच परिणाम दिसतो, म्हणून तिथे मानवी पेशी बसवलेले उंदीर वापरावे लागतात.

आम्ही आयएसपीएचवर डॉकिंगचा, म्हणजे संयुग एन्झाइममध्ये कसं बसतं ते संगणकावर पाहण्याचा, प्रकल्प करू का?

करा, पण एन्झाइमच्या मध्यभागी लोह-गंधकाचा गुच्छ असतो. साधं सॉफ्टवेअर त्याचे विद्युतभार नीट धरत नाही, ते हाताने द्यावे लागतात. गुच्छ काढून टाकून केलेल्या डॉकिंगला अर्थ नाही. प्रत्यक्ष एन्झाइम चाचणीसाठी प्राणवायूविरहित पेटी लागते, कारण हवेत हा गुच्छ मोडतो.

आम्ही अगारवर खड्डा पाडून झोन मोजतो. त्यात काय चुकतं?

झोन, म्हणजे खड्ड्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, हा संयुग अगारमधून किती पसरतं याचाही आकडा असतो. मोठा रेणू किंवा तेलकट अर्क पसरत नाही, झोन लहान येतो आणि चांगली वस्तू फेकली जाते. पण त्याहून मोठी चूक माध्यमाची आहे. चाचणीच्या नेहमीच्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये बायकार्बोनेट नसतं, सीरम नसतं, पेशी नसतात. शरीरात हे सगळं असतं.

अझिथ्रोमायसिनचं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला हवं. बहुऔषधरोधक स्युडोमोनास, क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरवर म्युलर-हिंटनमध्ये ते निकामी दिसतं. पण २०१५ मध्ये तेच जिवाणू आरपीएमआय-१६४० या पेशींच्या माध्यमात वाढवले, तेव्हा ते परिणामकारक ठरलं, आणि शरीरातल्या एलएल-३७ या ३७ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडसोबत तर जास्तच. म्हणजे प्रश्नपत्रिकाच चुकीची होती. आपल्या फ्रीजमध्ये 'निष्क्रिय' लिहून ठेवलेले अर्क पुन्हा तपासायला हे एक कारण पुरेसं आहे.

मग आरपीएमआयमध्ये एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, कशी काढायची? आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नाही.

एकाच दिवशी, एकाच वाढीतून, ९६ खाचांच्या दोन प्लेट शेजारी लावा: एक म्युलर-हिंटन, दुसरी आरपीएमआय. नुसत्या आरपीएमआयमध्ये बरेच जिवाणू मंद वाढतात, म्हणून त्यात ५ ते १० टक्के ब्रॉथ मिसळतात.

खरी मेख पीएचची आहे. आरपीएमआयमध्ये लिटरमागे २ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं आणि ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेसाठी ठरवलेलं आहे. साध्या इन्क्युबेटरमध्ये वायू उडून जातो, पीएच ८ च्या पुढे जातो आणि लालसर माध्यम गर्द गुलाबी-जांभळं होतं. अल्कधर्मी माध्यमात अझिथ्रोमायसिनसारखी औषधं मुळातच जास्त चालतात, त्यामुळे खोटा आनंद होतो. उपाय: २० ते २५ मिलिमोलर हेपेस बफर घाला, प्लेटला चिकट पारदर्शक पट्टी लावा, आणि दुसऱ्या दिवशी जिवाणू न टाकलेल्या दोन खाचांतलं माध्यम काढून पीएच मोजा. ७.२ ते ७.४ च्या बाहेर गेला असेल तर तो निकाल धरू नका.

एमआयसीचे आकडे दर वेळी वेगळे येतात. का?

दहातल्या आठ वेळा जिवाणूंची संख्या चुकलेली असते. ०.५ मॅकफारलँडची (गढूळतेच्या प्रमाण मापाची) गढूळता म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १० ते २० कोटी जिवाणू, ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३. ते १५० पट पातळ केलं की सुमारे १० लाख. खाचेत ५० मायक्रोलिटर औषधावर यातले ५० मायक्रोलिटर टाकले की मिलिलिटरमागे ५ लाख होतात, आणि हवेत तेवढेच. १५ मिनिटांच्या आत प्लेट भरा आणि एका वाढीच्या खाचेतून पातळ करून कॉलनी मोजा. हे मोजणं बहुतेक प्रकल्पांत वगळलं जातं.

बाकीचं असं: ब्रॉथमध्ये कॅल्शियम लिटरमागे २० ते २५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम हवं. डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओची खाच लावाच. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफ. ऑरियस एटीसीसी २९२१३ हे प्रमाण जिवाणू माहीत असलेल्या औषधासह प्रत्येक वेळी सोबत चालवा. एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक चालतो. चौपटीचा आला की कुठेतरी चूक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा काठावरच्या खाचा वाळतात, म्हणून काठाच्या ३६ खाचांत नुसतं निर्जंतुक पाणी भरा आणि आतल्या ६० च वापरा.

नवी संयुगं आणायची कुठून? आपल्या काळ्या मातीत काही मिळेल का?

मिळेल. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूतूनच मिळालं. पहिल्या पावसानंतर शिवारात येणारा मातीचा वास याच कुळाच्या जिओस्मिनचा असतो.

वरची पालापाचोळ्याची माती बाजूला करून १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरून, मुळांलगतची ५० ग्रॅम माती निर्जंतुक पिशवीत घ्या. सावलीत आठवडाभर वाळवा. काळी माती ढेकळं धरते, ती खलात हलकी फोडून चाळा, नाहीतर पाण्यात गोळे तसेच राहतात आणि मोजणी फसते. वाळलेली माती ६० अंशांवर एक तास ठेवली की भराभर वाढणारे नाजूक जिवाणू कमी होतात आणि बीजाणूवाले उरतात. १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर सलाइनमध्ये अर्धा तास हलवा आणि हजारपट ते लाखपट पातळ करून स्टार्च-केसीन अगारवर पसरा. लिटरमागे स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ २, डायपोटॅशियम फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१ आणि अगार १८ ग्रॅम. बुरशी रोखण्यासाठी मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम निस्टॅटिन. २८ अंशांवर ७ ते १४ दिवस वाट पाहा.

तिसऱ्या दिवशी प्लेट टाकून देणारे खूप आहेत. हव्या त्या कॉलनी तेव्हा टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. दहाव्या दिवशी त्या खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या दिसतात, सुईने उचलायला गेलं तर अगारला घट्ट रुतलेल्या असतात, आणि झाकण किलकिलं केलं की मातीचा वास येतो. भुकटी नाकात जाईल इतकं जवळ जाऊ नका.

केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली माती चालेल का?

चालेल, पण शेतकऱ्याला आधी फवारणी विचारा. स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन. अशा मातीत त्यांना दाद न देणारे जिवाणू निवडले गेलेले असू शकतात, ही नोंद नसेल तर पुढचा अर्थ चुकतो. बांधावरची, न फवारलेली माती सोबत घ्या. सातपुड्यात, यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय नमुने घेऊ नका. परदेशी सहकारी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता आधी लागते. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्यालगतचा नमुना घेतलात तर २८ सोबत ४५ आणि ५० अंशांवरही प्लेट ठेवा.

झोन दिला, अर्क निघाला. ते नवीन आहे हे कसं कळणार?

बहुधा नवीन नसतं, हे मनाशी धरूनच चला. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन सर्रास सापडतं, ॲक्टिनोमायसिनही नेहमीचं. अर्क पिवळा-नारिंगी आला आणि ग्रॅम-पॉझिटिव्हवर फार कमी मात्रेत चालला, तर आधी ॲक्टिनोमायसिनचा संशय घ्या. ते माणसाच्या पेशींनाही मारतं. शुद्धीकरणात सहा महिने घालण्याआधी एकदा एलसी-एमएस (अर्कातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी तपासणी) करून वस्तुमान ज्ञात यादीशी जुळवा. पैसे तिथे खर्च करा.

सीरमसोबतची चाचणी कशी करायची?

साध्या कॉलेजला झेपणारी ही सगळ्यांत मोलाची चाचणी आहे.

रक्त साध्या नळीत घ्या. ईडीटीए चालत नाही, कारण ते कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून कॉम्प्लिमेंट बंद पाडतं. हेपॅरिनही त्यात अडथळा आणतं. खोलीच्या तापमानाला अर्धा तास गोठू द्या, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा, सीरम लगेच बर्फावर ठेवून लहान भाग करा आणि उणे ८० अंशांवर गोठवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. घरगुती डीप फ्रीजरमध्ये कॉम्प्लिमेंट महिनोन्‌महिने टिकत नाही, आणि भारनियमनात रात्री फ्रीजर बंद पडला असेल तर तो साठा या चाचणीपुरता संपला.

जोमाने वाढणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची मिलिलिटरमागे १० लाख संख्या घ्या. पाच नळ्या लावा: नुसता जिवाणू, एमआयसीच्या चौथ्या भागाएवढं संयुग, २० टक्के सीरम, संयुग अधिक सीरम, संयुग अधिक ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं सीरम. ३७ अंशांवर ठेवून ०, ६० आणि १२० मिनिटांनी कॉलनी मोजा. चौथ्या नळीत जिवाणू घटले आणि पाचव्यात घटले नाहीत, तर संयुग कॉम्प्लिमेंटला वाट करून देत आहे. चौथ्या आणि पाचव्यात सारखेच घटले, तर कारण उष्णतेने न बिघडणारं आहे. चौथ्यात संयुगाचं बळ उलट कमी झालं, तर ते अल्ब्युमिनला चिकटत असावं, आणि तेही आत्ताच कळलेलं बरं.

जिवाणू निवडताना सांभाळा. ई. कोलाय के-१२ च्या प्रयोगशाळेतल्या जाती नुसत्या सीरमनेच मरतात, त्यामुळे फरक दिसत नाही. सीरमला दाद न देणारा जिवाणू घ्या. स्टॅफिलोकॉकसची जाड भिंत कॉम्प्लिमेंटला फुटत नाही, तिथे ही चाचणीच लावू नका.

स्टॅफिलोकॉकससाठी सोपं काय आहे?

रंगाची चाचणी. संयुगाच्या एमआयसीखालच्या मात्रेत जिवाणू ४८ तास वाढवा, सेंट्रीफ्यूज करून गोळा पाहा. नियंत्रण नळीतला गोळा हळदीच्या पाण्यासारखा दिसतो, रोधक असलेला दुधासारखा. मिथेनॉलमध्ये ५५ अंशांवर काही मिनिटं ठेवून रंग काढा आणि ४६२ नॅनोमीटरला मोजा. डायफिनाइलअमीन हा माहीत असलेला रोधक सोबत लावा. जिवाणूंची संख्या दोन्हीकडे सारखी आहे हे मोजून दाखवा. वाढच कमी झाली असेल तर रंग कमी दिसणारच. मग १.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक तास ठेवा, कॅटलेजने थांबवा आणि किती वाचले ते मोजा. पेरॉक्साइडची बाटली आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर उतरते, फ्रीजमध्ये ठेवा आणि आधी टायट्रेशन करा.

न्यूट्रोफिलची चाचणी आम्हाला जमेल का?

रक्त घेणारी प्रशिक्षित व्यक्ती, संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता आणि रक्तदात्याची संमती असेल तर जमेल. विद्यार्थ्यांनी आपसांत रक्त काढून घेणं हा मार्ग नव्हे.

१० मिलिलिटर हेपॅरिनयुक्त रक्त १.०७७ आणि १.११९ घनतेच्या दोन थरांवर अलगद सोडा, ७०० जी वर ३० मिनिटं, ब्रेक न लावता फिरवा. दोन थरांच्या सांध्यावरची धुरकट कडी म्हणजे ग्रॅन्युलोसाइट. उरलेल्या लाल पेशी थंड पाण्यात ३० सेकंद फोडून लगेच क्षार पूर्ववत करा. काचेच्या नळ्या टाळा, व्हॉर्टेक्स लावू नका, पेशी आधीच चिडतात. मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्ल्यूने तपासल्यावर ९५ टक्क्यांच्या वर जिवंत हव्यात आणि दोन-तीन तासांत काम संपायला हवं. जिवाणूंना १० टक्के सीरमचं आवरण द्या, एका पेशीमागे एक जिवाणू ठेवा, हळू हलवा, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी ०.१ टक्के ट्रायटनने पेशी फोडून कॉलनी मोजा. किमान तीन वेगवेगळे दाते घ्या.

साथ नेमकी कोणाला मिळाली हे ओळखायला दोन उलट प्रयोग करा. एकात जिवाणूंना संयुगात अर्धा तास ठेवा, धुवा, मग पेशींना द्या. दुसऱ्यात पेशींना संयुगात ठेवा, धुवा, मग स्वच्छ जिवाणू द्या. पहिल्यात फरक आला तर जिवाणू कमजोर झाला, दुसऱ्यात आला तर पेशी सजग झाली. धुतलं नाही तर संयुग प्लेटपर्यंत जातं आणि तिथे जिवाणू मारतं. अशा चुकीने कित्येक चांगले आलेख खोटे ठरतात.

नंदुरबार-धडगाव भागातल्या दात्यांबाबत काही काळजी घ्यावी का?

होय, आणि आदराने घ्यावी. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता आढळते. सिकलसेल रुग्णाच्या लाल पेशी पातळ क्षारात सहजी फुटत नाहीत, त्यामुळे वरची ३० सेकंदांची पायरी अपुरी पडते आणि न्यूट्रोफिलची मोजणी बिघडते. जी-६-पीडी फार कमी असेल तर न्यूट्रोफिलला पेरॉक्साइड बनवायला लागणारं एनएडीपीएच कमी पडतं, आणि काही संयुगांनी लाल पेशी फुटतात. म्हणून दात्याची ही तपासणी आधी व्हावी, निकाल त्याला नीट समजावून सांगावा आणि गुप्त ठेवावा. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोकॉकससारखे आवरणवाले जिवाणू जिवावर उठतात. प्रतिकारशक्तीला साथ देणाऱ्या औषधाची गरज या मुलांना सगळ्यांत जास्त आहे, त्यामुळे संयुगाने लाल पेशी फुटतात का ही चाचणी फक्त निरोगी रक्तावर करून थांबू नये.

आमच्या वनस्पतीच्या अर्काने मॅक्रोफेज या जिवाणू गिळणाऱ्या पेशींमध्ये टीएनएफ हे दाहाचा इशारा देणारं प्रथिन वाढलं. प्रतिकारशक्ती जागी झाली म्हणायचं का?

लगेच नाही. पाल्यावर वाढलेल्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, अर्कात हमखास येतं आणि मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्येही टीएनएफ वाढवतं. ते १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये नष्ट होत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार जातं. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, आणि एक संच एंडोटॉक्सिनला बांधणारं पॉलिमिक्सिन बी घालून लावा. त्याने परिणाम विरला तर तो अर्काचा नव्हता. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी तापवा. करक्युमिन आणि टॅनिन तर जवळपास प्रत्येक चाचणीत 'चालतात', कारण ते प्रथिनांना चिकटतात आणि रंगाच्या मोजणीत ढवळाढवळ करतात.

पेशी आणि प्रमाण जिवाणू कुठून मागवायचे?

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून, जिवाणू चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जिवाणू-संग्रहांकडून. टीएचपी-१ आणि रॉ २६४.७ या दोन पेशीजाती सुरुवातीला पुरतात, पण त्या न्यूट्रोफिलची जागा घेत नाहीत. उन्हाळ्यात पार्सल शनिवारी पोहोचेल असं मागवू नका. सोमवारी पाठवायला सांगा आणि स्टँडवरून किंवा कुरिअरकडून स्वतः जाऊन आणा. जिवाणूंचा निम्मा भाग आल्या दिवशीच ग्लिसरॉलमध्ये गोठवा, उरलेल्यावर काम सुरू करा.

वापरलेल्या प्लेट कुठे टाकायच्या?

आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, पिशव्या ठासून न भरता किमान ६० मिनिटं, सोबत दर्शक पट्टी ठेवून. मग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगाच्या पिशवीत, अधिकृत गाडीकडे. नवी संयुगं असलेलं द्रव बेसिनमध्ये ओतू नका, ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून त्याच यंत्रणेकडे द्या. नाल्यातून ते गिरणा-तापीत गेलं तर ज्या जिवाणूंशी आपण लढतो आहोत, त्यांनाच त्याची आधी ओळख होईल.